चव्वेचाळीसचे वारस

एखाद्या विद्यापीठाच्या संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा प्रश्न वरकरणी फुरसतीच्या गप्पांचा वाटला, तरी त्याचा फैसला करावयास बसले म्हणजे त्या संघाचे जुने दफ्तर उघडावे लागते. आणि ते उघडले, की ज्यांचे पराक्रम त्यात सविस्तर नोंदले गेले त्यांच्या जोडीला, ज्यांना मैदानात पाऊलच टाकू दिले नाही अशांची कैफियतही ऐकून घेणे भाग पडते. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी वसलेल्या, आणि अमेरिकेतील सर्वाधिक बर्फाच्या शहरांत ज्याची गणना होते अशा सिरॅक्यूज येथील विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयी असा एक वाद आमच्या कुटुंबात दीर्घकाळ चालत आलेला आहे. वादी आहेत माझे थोरले मामा, जे १९६५ साली उच्च शिक्षणासाठी त्या विद्यापीठात गेले आणि पुढे अभियंत्याची नोकरी करून तेथेच स्थायिक झाले. प्रतिवादी आहे माझी धाकटी बहीण, जिला घरात सर्वजण माई म्हणतात आणि जी न्यू जर्सीत इतिहास शिकविते. दोघेही आपापल्या पक्षाविषयी इतके कळकळीने बोलतात की त्यांचे म्हणणे लिहून ठेवावे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांतील तालमी ज्याच्यासाठी जीव टाकतात तो नव्हे. यात अंडाकृती चेंडू हाती धरून अथवा सहकाऱ्याकडे फेकून प्रतिपक्षाच्या प्रदेशात पुढे न्यावयाचा असतो. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड भूमी जिंकली तरच पुढील प्रयत्नांचा अधिकार मिळतो, आणि अंतिम रेषेपलीकडे चेंडू पोहोचला म्हणजे टचडाउन होऊन सहा गुण पदरात पडतात, ज्यांत लाथेने आणखी एका गुणाची भर घालता येते. ज्या काळाभोवती हा वाद फिरतो त्या काळी आक्रमणास एक तुकडी आणि बचावास दुसरी अशी आजच्यासारखी विभागणी नसे, त्यामुळे चेंडू घेऊन धावणारा हाफबॅक त्याच सामन्यात बचावालाही उभा राही. शिवाय प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघात खेळण्याची मुभा नसल्याने प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम तीन हंगाम येत. एवढा तपशील ध्यानी असला म्हणजे पुढचे आकडे आपोआप बोलू लागतात.

मामा : अगं माई, यात वाद घालण्याजोगे आहे तरी काय? जिम ब्राऊनचे नाव घेतल्यावर दुसरे नाव घ्यावयाचे ते केवळ दुसऱ्या क्रमांकासाठी. १९५६ च्या हंगामात, अवघ्या आठ सामन्यांत, त्याने धावून ९८६ यार्ड मिळविले आणि तेरा टचडाउन केले. त्या वर्षीचा कोलगेट विद्यापीठाविरुद्धचा सामना घे. सहा टचडाउन त्याने केले, आणि लाथेने मिळविलेले सात गुणही त्याचेच. एकूण ४३ गुण एका माणसाचे, आणि संघ जिंकला ६१ विरुद्ध ७ असा. एका सामन्यातील ही गुणसंख्या १९९० पर्यंत मोठ्या विद्यापीठांतील कोणाही खेळाडूस ओलांडता आली नाही. आणि हा मुलगा केवळ फुटबॉल खेळत नव्हता. लॅक्रॉसमध्ये त्याला अखिल अमेरिकन संघात स्थान मिळाले, बास्केटबॉलमध्ये तो विद्यापीठाकडून उतरला, आणि एकाच दिवशी मैदानी स्पर्धेत उंच उडी व थाळीफेक जिंकून तो लष्करी अकादमीविरुद्धच्या लॅक्रॉसच्या सामन्यात खेळला. असा देह आणि असे सामर्थ्य त्या संघाने पुन्हा पाहिले नाही, आणि मला वाटते कुठल्याच संघाने पाहिले नाही.

माई : मामा, सामर्थ्याविषयी मी तुमच्याशी भांडणारच नाही. परंतु तुम्ही जन्मभर आकड्यांचा व्यवसाय केलात, म्हणून आकड्यांचाच दाखला तुमच्यापुढे ठेवते. ब्राऊनने तीन हंगामांत सुमारे ३६० वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि २,०९१ यार्ड मिळविले. त्याच्यामागून आलेल्या अर्नी डेव्हिसनेही तीन हंगामांत जवळपास तितक्याच वेळा धाव घेतली, आणि त्याचे यार्ड झाले २,३८६. म्हणजे एकाच विद्यापीठात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकाच चव्वेचाळीस क्रमांकाचा अंगरखा घालून, तितक्याच संधी मिळालेल्या दोन मुलांपैकी धाकटा थोरल्यापेक्षा जवळजवळ तीनशे यार्ड पुढे गेला. ही रुजवात तुम्ही कशी नाकारणार?

मामा : नाकारीत नाही, पण रुजवात घालावयाची तर दोन्ही बाजूंच्या वह्या पाहिल्या पाहिजेत. डेव्हिसच्या पुढे जी फळी होती ती १९५९ साली साऱ्या देशात प्रसिद्ध होती. त्या सात धिप्पाड गड्यांना वृत्तपत्रांनी स्वतंत्र नावच दिले होते. त्यांनी वाट मोकळी करावयाची आणि डेव्हिसने त्या वाटेने वाऱ्यासारखे निघून जावयाचे, असा तो खेळ होता. ब्राऊनला अशी मोकळी वाट क्वचितच मिळाली. चेंडू त्याच्याच हाती येणार हे प्रतिपक्षाच्या अकराही गड्यांस ठाऊक असे, ते सारे त्याच्यावर तुटून पडत, आणि तरीही तो पुढे जाई. १९५७ च्या पहिल्या जानेवारीला डल्लास येथील कॉटन बाउलमध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्ध संघाने २७ गुण केले, त्यांपैकी २१ त्याचे होते.

माई : आणि सामना हरलो, २८ विरुद्ध २७ असा. तो जो एक गुण कमी पडला, तो ब्राऊनच्याच लाथेचा अडविला गेलेला चेंडू होता.

मामा : अडविला गेलेला चेंडू हा मारणाऱ्याचा दोष नसून त्याच्या पुढच्या फळीचा असतो, हे तुला मैदानावर उभ्या असलेल्या कोणीही सांगेल. तीन टचडाउन करून, १३२ यार्ड धावून, बचावात उभे राहून, ज्याने सामना एका गुणापर्यंत आणून ठेवला त्याच्या पदरी पराजयाचा ठपका बांधणे हा न्याय नव्हे.

येथे मला मामांचे म्हणणे पूर्णपणे पटते, आणि माईनेही हा मुद्दा नंतर कधी पुढे रेटला नाही. परंतु तिच्या पक्षाचे खरे बळ त्या एका गुणात नव्हतेच. ते होते तीन वर्षांनंतरच्या त्याच गावी, त्याच मैदानावर झालेल्या दुसऱ्या सामन्यात.

माई : १९५९ साली डेव्हिस प्रथमच मुख्य संघात आला, आणि त्या वर्षी संघाने अकरापैकी अकरा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, जे त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते आणि त्यानंतरही आजवर मिळालेले नाही. १९६० च्या नववर्षदिनी कॉटन बाउलमध्ये समोर टेक्सस विद्यापीठाचा संपूर्णपणे गोरा संघ होता. डेव्हिसच्या मांडीचा स्नायू दुखावलेला होता. तशा स्थितीत सामन्याच्या आरंभीच त्याने ८७ यार्डांचा टचडाउन केला, पुढे आणखी एक केला, प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू मध्येच झेलून घेतला, आणि २३ विरुद्ध १४ असा विजय मिळविणाऱ्या संघाच्या २३ पैकी १६ गुण त्याचे होते. सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पारितोषिक त्यालाच द्यावे लागले. पण ते ज्या मेजवानीत द्यावयाचे होते तेथील व्यवस्था अशी, की त्याने पारितोषिक स्वीकारावे आणि भोजनास न थांबता निघून जावे. वीस वर्षांच्या मुलाला, ज्याने काही तासांपूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत हे केले होते, त्याला हे सांगण्यात आले. आणि तरीही पुढच्या दोन वर्षांत त्याच्या वागण्यात कटुतेचा लवलेश कोणाला आढळला नाही. वर्षातील सर्वोत्कृष्ट विद्यापीठीय खेळाडूस दिले जाणारे हाइस्मन पारितोषिक १९६१ साली मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये होते, त्यांनी त्याला मुद्दाम भेटीस बोलावून घेतले.

मामा : हाइस्मनचे नाव काढलेस ते बरे केलेस. १९५६ साली ब्राऊनला त्या पारितोषिकाच्या मतदानात पाचवे स्थान मिळाले. पहिले कोणाला? नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला, ज्याच्या संघाने त्या वर्षी दहापैकी आठ सामने गमावले होते. कारण काय, ते मी उघड बोलून दाखवावे अशी तुझी इच्छा नसेल. तेव्हा जे ब्राऊनला अन्यायाने नाकारले गेले, ते डेव्हिसला पाच वर्षांनी मिळाले म्हणून डेव्हिस श्रेष्ठ, असा हिशेब मांडू नकोस.

माई : तसा मी मांडीत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. आपण फुटबॉलचा सर्वश्रेष्ठ खेळाडू शोधीत नाही, सिरॅक्यूज विद्यापीठाच्या संघाचा शोधीत आहोत. पुढे क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात ब्राऊनने नऊ हंगामांत १२,३१२ यार्ड मिळविले, नवांपैकी आठ हंगामांत तो अग्रस्थानी राहिला, आणि तिसाव्या वर्षी, शक्ती शाबूत असताना, खेळातून निघून गेला. हा सगळा जमाखर्च क्लीव्हलँडच्या खात्यावर जातो. तुम्ही ब्राऊनकडे पाहता तेव्हा ती नऊ वर्षे तुमच्या डोळ्यांपुढे असतात, आणि त्यांचे तेज विद्यापीठातील तीन वर्षांवर मागे परावर्तित होते.

मामा : मान्य. क्लीव्हलँड वगळले. पण मग नियम सर्वांना सारखा लाव. विद्यापीठानंतरचे काहीच जमेस धरावयाचे नसेल, तर डेव्हिसचा मृत्यूही जमेस धरता येणार नाही. अर्नी डेव्हिसचे नाव निघाले, की तेविसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, व्यावसायिक मैदानावर एकही सामना न खेळलेला तो देखणा मुलगा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि आपण त्याच्या आकड्यांत नकळत आपल्या दुःखाची भर घालतो. माझ्या मनातही ते होते, माई. पण तुलना करावयाची तर तीन हंगामांची तीन हंगामांशी कर.

मामांचे हे उत्तर मला या साऱ्या वादातील सर्वांत मर्मग्राही वाटते, कारण डेव्हिसच्या कहाणीत करुणा इतकी ओतप्रोत आहे की तिच्यापुढे विवेक टिकविणे कठीण जाते. वॉशिंग्टनच्या ज्या व्यावसायिक संघाच्या मालकाने तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नव्हता, त्याच्यामागे केंद्र सरकारने स्टेडियमच्या निमित्ताने तगादा लावल्यावर त्या संघाने आपल्या वाट्याची पहिली निवड डेव्हिसवर खर्च केली, आणि लगेच त्याच्या बदल्यात बॉबी मिचेलला घेऊन डेव्हिसला क्लीव्हलँडकडे धाडले. म्हणजे आता ब्राऊन आणि डेव्हिस एकाच संघात खांद्याला खांदा लावून धावणार होते. १९६२ च्या उन्हाळ्यात रोगाचे निदान झाले. १८ मे १९६३ रोजी तो गेला, आणि क्लीव्हलँडने त्याने कधीही सामन्यात न घातलेला ४५ क्रमांक त्याच्या स्मरणार्थ कायमचा बाजूस ठेवला. विलक्षण योग असा, की जिम ब्राऊनचे निधनही बरोबर साठ वर्षांनी, १८ मे २०२३ लाच झाले. हे सारे ठाऊक असलेल्या माणसाने केवळ तीन हंगामांचे यार्ड मोजावेत, ही अपेक्षा न्याय्य असली तरी सोपी खचित नाही.

माईने मात्र ती मान्य केली, आणि आपला पक्ष दुसऱ्या पायावर उभा केला.

माई : ठीक आहे. मृत्यू वगळला. पण विद्यापीठाच्या संघाचे एक वैशिष्ट्य तुम्ही विसरता. येथे कोणीही तीन-चार वर्षांहून अधिक राहत नाही. व्यावसायिक संघाचा मालक माणसे विकत घेऊ शकतो; विद्यापीठाला दरवर्षी नव्या मुलाच्या घरी जाऊन त्याला आपल्याकडे येण्याविषयी विनवावे लागते. म्हणून ज्याच्यामुळे पुढचा मुलगा आला, तो येथे मोठा. डेव्हिस एल्मायराहून आला, अनेक विद्यापीठे त्याच्यामागे लागलेली असताना आला, आणि मग फ्लॉइड लिट्लला आणण्यासाठी तो स्वतः गेला. लिट्ल सांगत असत, की मी डेव्हिसला येतो म्हणून शब्द दिला होता, पण मन पक्के नव्हते. त्याच्या मृत्यूची बातमी कळली आणि मी तो शब्द पाळला. मग चव्वेचाळीस क्रमांक लिट्लच्या पाठीवर आला, तीनही वर्षे त्याला अखिल अमेरिकन संघात स्थान मिळाले, आणि तुम्ही सिरॅक्यूजला पोहोचलात तेव्हा त्यालाच खेळताना पाहिलेत.

मामा : पाहिले. कॅन्ससविरुद्ध १९६४ साली त्याने पाच टचडाउन केले होते, त्याची चर्चा मी आलो तेव्हाही संपलेली नव्हती. पण माई, डेव्हिसला आणावयास कोण गेले होते? ब्राऊन. परंपरा मोजावयाची तर तिचा मूळपुरुष तोच. आणि तो स्वतः कसा आला ते आठव. चाळीसावर विद्यापीठे शिष्यवृत्ती देऊ करीत असता, मॅनहॅसेट येथील केनेथ मलॉय नावाच्या एका वकिलाने, जे स्वतः सिरॅक्यूजचे माजी विद्यार्थी होते, त्याला येथे आणले. आणि सिरॅक्यूज शिष्यवृत्ती देण्यास तयार नाही हे त्या मुलाला कळू न देता गावकऱ्यांकडून वर्गणी जमवून पहिल्या वर्षाची फी भरली. येथे आल्यावर प्रशिक्षकांनी त्याला पाचव्या फळीत टाकले. ज्याला या विद्यापीठाने एक पैसाही न देता, जवळजवळ नाइलाजाने घेतले, त्याने येथे राहून पुढच्यांसाठी दार उघडले. डेव्हिसला मिळालेली शिष्यवृत्ती ही ब्राऊनच्या तीन वर्षांची कमाई आहे.

माई : तो मूळपुरुष आहे, हे खरे. पण एक गोष्ट मी मनाशी ठेवून आहे आणि ती तुमच्यापुढे बोलल्यावाचून राहवत नाही. ब्राऊनवर स्त्रियांना मारहाण केल्याचे आरोप आयुष्यात अनेकदा झाले. आणि पत्नीच्या मोटारीची मोडतोड केल्याबद्दल दोषी ठरल्यावर न्यायालयाने घातलेल्या अटी नाकारून त्याने २००२ साली तुरुंगवास भोगला. याच संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, डॉन मॅकफर्सन, ज्याच्या नेतृत्वाखाली १९८७ साली संघ एकही सामना हरला नाही आणि ज्याला हाइस्मनच्या मतदानात दुसरे स्थान मिळाले, त्याने पुढचे आयुष्य स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध पुरुषांना शिकविण्यात घातले. एकाच संघाने दोघांनाही वाढविले. सर्वश्रेष्ठ म्हणून पुतळा कोणाचा उभारावयाचा, हे ठरविताना ही तफावत माझ्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

मामा : क्षुल्लक नाहीच. त्याचे समर्थन मी करणार नाही, आणि कोणी करू लागला तर त्याच्यापाशी बसणारही नाही. ब्राऊनने कृष्णवर्णीयांच्या आर्थिक उन्नतीसाठी, गुन्हेगारी टोळ्यांतील तरुणांसाठी केलेले काम तू जाणतेस. त्याने हे दोष फिटत नाहीत. पण तू आदर्श पुरुष निवडीत असशील तर ती निवड वेगळी, आणि मी तिच्यात ब्राऊनचे नाव सुचविणार नाही. उद्या एकच सामना खेळावयाचा आहे, आणि या संघाच्या साऱ्या इतिहासातून एकच माणूस घेण्याची मुभा आहे, असे मला कोणी सांगितले, तर मी ब्राऊनला घेईन. सर्वश्रेष्ठ खेळाडू या प्रश्नाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी माईच्या बाजूचा आहे. परंतु ज्या कारणासाठी ती डेव्हिसला निवडते त्याहून माझे कारण किंचित भिन्न आहे, आणि ते मला ज्या माणसामुळे उमगले त्याचे नाव या दोघांच्या वादात पुष्कळ उशिरा आले. त्याचे आडनाव ऐकून भारतीय वाचकाचे कान टवकारतील. विल्मेथ सिदात-सिंग हा जन्माने विल्मेथ वेब, वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलगा. लहानपणीच वडील वारले, आईने हॉवर्ड विद्यापीठात वैद्यक शिकणारे भारतीय वंशाचे सॅम्युअल सिदात-सिंग यांच्याशी विवाह केला, त्यांनी मुलास दत्तक घेतले आणि आपले आडनाव दिले. बास्केटबॉलसाठी तो सिरॅक्यूजला आला; विद्यार्थ्यांच्या आपसांतील सामन्यात त्याची चेंडूफेक पाहून सहायक प्रशिक्षकांनी त्याला फुटबॉल संघात ओढले. त्या काळी उत्तरेकडील विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू विरळा, आणि दक्षिणेकडील संघ त्यांच्याविरुद्ध मैदानात उतरण्यास नकार देत. आडनावामुळे वृत्तपत्रांनी त्याला हिंदू ठरविले, आणि विद्यापीठाने तो समज दूर करण्याची तसदी घेतली नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात बॉल्टिमोर येथे मेरीलँडविरुद्ध सामना व्हावयाचा होता. त्याच्या थोडे आधी वॉशिंग्टन येथील कृष्णवर्णीय पत्रकार सॅम लेसी यांनी त्याची खरी ओळख छापली. मेरीलँडने हरकत घेतली, सिरॅक्यूजने ती मान्य केली, आणि सिदात-सिंगला बाकावर बसवून संघ १३ विरुद्ध शून्य असा हरला.

माई : लेसींनी छापावयास नको होते, असे मला प्रथम वाटे. त्यांच्या एका बातमीने त्या मुलाचा सामना गेला.

मामा : सामना मेरीलँडने नेला, आणि सिरॅक्यूजने तो नेऊ दिला, लेसींनी नव्हे. लेसींना काय दिसत होते? एक कृष्णवर्णीय मुलगा देशातील उत्तम खेळाडूंत गणला जात आहे, आणि त्याचे श्रेय त्याच्या समाजाच्या खाती जमा होत नाही. खोट्या ओळखीवर मिळविलेला प्रवेश उद्या दुसऱ्या मुलाच्या काय कामाचा? दार ज्याच्यासाठी उघडले तो कोण आहे हे उघड झाल्यावाचून ते दुसऱ्यासाठी उघडत नाही. मी तरुणपणी परक्या देशात नाव सांगताना दबकत असे, म्हणून मला लेसींचे म्हणणे समजते.

माई : पण दुसऱ्या वर्षी मेरीलँड सिरॅक्यूजला आले तेव्हा तो खेळला.

मामा : खेळला, आणि आपण ५३ विरुद्ध शून्य असे जिंकलो. त्याच वर्षी कॉर्नेलविरुद्ध, हातचा गेला असे सर्वांनी धरून चाललेल्या सामन्यात, अखेरच्या काही मिनिटांत त्याने टचडाउनचे तीन पास फेकले आणि सामना १९ विरुद्ध १७ असा फिरविला. त्याला यादीत घ्यावयाचे ते त्याच्यावर अन्याय झाला म्हणून घेऊ नकोस, माई. कॉर्नेलसाठी घे. मॅकनॅब आणि मॅकफर्सन या आपल्याच क्वार्टरबॅकांच्या शेजारी, चेंडू फेकणाऱ्यांत, त्याला बसव, आणि मग त्याला किती सामने नाकारले गेले ते समासात लिही.

त्यानंतरचे त्याचे आयुष्य अल्प होते. व्यावसायिक फुटबॉलने त्या वर्षांत कृष्णवर्णीयांस दारे पूर्णपणे बंद केली होती. तो व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, मग पोलीस झाला, युद्ध सुरू झाल्यावर टस्कीगी येथील कृष्णवर्णीय वैमानिकांच्या दलात दाखल झाला, आणि ९ मे १९४३ रोजी सरावाच्या उड्डाणात इंजिन बंद पडल्याने हवाई छत्रीने ह्युरॉन सरोवरात उतरून तेथेच बुडाला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. मेरीलँड विद्यापीठाने त्याच्या आप्तांची जाहीर क्षमा मागितली ती २०१३ साली. सिरॅक्यूजला स्वतःच्या वागण्याचा जाब द्यावा लागला तो निराळ्या प्रकरणात: १९७० साली नऊ कृष्णवर्णीय खेळाडूंनी चांगले वैद्यकीय उपचार, अभ्यासास साहाय्य, कृष्णवर्णीय सहप्रशिक्षक आणि खेळण्याची समान संधी या मागण्यांसाठी सरावावर बहिष्कार घातला, आपले हंगाम गमावले, आणि विद्यापीठाने त्यांची क्षमा २००६ साली मागितली. म्हणजे ब्राऊन, डेव्हिस, लिट्ल यांच्या कीर्तीवर पोसलेल्या संघातच, त्यांच्यामागून अवघ्या काही वर्षांत, हे घडले. ते वाचल्यापासून मला असे वाटते, की विद्यापीठाच्या इतिहासात मोठेपण मोजण्याचे माप यार्ड नव्हे आणि परंपराही नव्हे. जो आला तेव्हा संस्था जशी होती त्याहून ती त्याच्यामुळे किती बदलली, हे ते माप आहे. ब्राऊनने तिला आपले सामर्थ्य मान्य करावयास लावले. डेव्हिसने तिला एका कृष्णवर्णीय मुलावर मनापासून प्रेम करावयास लावले, आणि ते प्रेम पुरेसे नव्हते हे त्या नऊ जणांनी तिला दाखविले.

मामांना हे माप मान्य नाही. त्यांच्या मते मी खेळाचा प्रश्न नीतिशास्त्राच्या न्यायालयात नेला, आणि तेथे त्याचा निकाल लागला तरी मैदानावर त्याचा अंमल होणार नाही. तिसऱ्या स्थानासाठी ते याच संघातील झॉन्काचा आग्रह धरतात, कारण लिट्लचा विक्रम मोडून २,९३४ यार्डांपर्यंत जाणारा तो राकट गडी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी समोरच्या गड्यांना अंगावर घेऊन धावताना पाहिला. माई लिट्लचा आग्रह धरते. या मुद्द्यावर कोणीच मागे हटत नाही.

अखेर त्यांचे भांडण जुंपले ते चव्वेचाळीस क्रमांकावरून. विद्यापीठाने त्या आकड्याचा मान इतका राखला की आपल्या टपाल संकेतांकाच्या अखेरीस, १३२४४ मध्ये, तो आणला. आणि २००५ साली तो क्रमांक कायमचा निवृत्त करून टाकला, जेणेकरून यापुढे कोणाही खेळाडूस तो घालता येऊ नये.

मामा : उत्तम केले. त्या तिघांच्या नंतर तो घालण्याची योग्यता कोणात होती? जे अतुल्य होते त्याची तुलनाच बंद केली.

माई : मामा, तो क्रमांक म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात जाणारे वतन होते. ब्राऊनने तो सोडला म्हणून डेव्हिसला मिळाला, डेव्हिसने लिट्लसाठी ठेवला. वतनाची सनद पेटीत घालून कुलूप लावले, तर वारस कोठून येणार? १९८७ च्या त्या अपराजित वर्षी नियमित हंगामाच्या अखेरच्या सामन्यात विजयाचे दोन गुण मायकेल ओवेन्सने मिळविले तेही चव्वेचाळीस घालूनच. तो आकडा पाठीवर असलेल्या मुलाला आपण कोणाचे काय लागतो हे ठाऊक असे. तो पुन्हा द्यावा.

मामा बराच वेळ विचार करीत राहिले.

मामा : द्यावयाचा तर प्रशिक्षकाच्या मर्जीने देऊ नये, प्रशिक्षक येतात आणि जातात. ब्राऊन, डेव्हिस, लिट्ल तिघेही आता नाहीत. पण तो क्रमांक घालणारा अखेरचा खेळाडू, रॉब कॉनराड, हयात आहे. २०१५ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापासून दूर बोटीतून समुद्रात पडल्यावर तो रात्रभर पोहत किनाऱ्यास लागला होता. त्याने एखाद्या मुलाच्या घरी जावे, त्याच्या आईवडिलांशी बोलावे, आणि मुलगा पसंत पडला तर आकडा द्यावा. नाही पडला तर त्या वर्षी कोणालाच देऊ नये.

माई : आणि द्यावयाच्या आधी त्या मुलाला बास्केटबॉलच्या सभागृहात टांगलेला सिदात-सिंगचा एकोणीस क्रमांक दाखवावा, आणि तो चव्वेचाळीस नसूनही का टांगला आहे ते सांगावे.

मामा : ते कॉनराडने नव्हे, तुझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षिकेने सांगावे. आणि सांगताना कॉर्नेलच्या सामन्यापासून सुरुवात करावी.